बालिष्टरचं दावं

बालिष्टरनं पोपटरावांच्या नव्या जीपला धडक दिली, तेव्हा आवाज असा झाला की शेजारच्या वस्तीवरची माणसं टायर फुटला म्हणून बघायला आली. टायर शाबूत होता. जीपचं काळं चकचकीत दार परातीसारखं आत गेलं होतं आणि बालिष्टर त्या दारापुढं पाय ताणून आडवा पडला होता. मान वाकडी, डोळे उघडे. मेल्यावरसुद्धा तो 'आधी फी जमा करा' अशाच नजरेनं आमच्याकडं बघत होता.

"उठीव की त्याला," पोपटराव म्हणाले.

आप्पा गुडघ्यावर बसले, त्याच्या नाकाशी हात धरला आणि तसाच धरून ठेवला. "गेला, साहेब."

"गेला म्हंजी? कुठं गेला?"

"वर गेला," माझी आई म्हणाली. "तुमच्या आधी."

पोपटरावांनी आईकडं पाहिलं, मेंढ्याकडं पाहिलं आणि मग दाराकडं पाहिलं. तिघांत त्यांना दाराचं जास्त वाईट वाटलं होतं, ते काही लपत नव्हतं.

मला मात्र हुंदका आवरेना. बालिष्टर जन्मला त्याच आठवड्यात त्याची आई मेली, तेव्हा मी त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवला होता. आमच्या जत तालुक्यातल्या मडग्याळी मेंढ्यांचं नाक पोपटाच्या चोचीसारखं बाकदार असतं. जितका बाक जास्त, तितकी किंमत जास्त. मुलीकडची माणसं नवऱ्या मुलाचं नाक एवढं निरखत नसतील, तेवढं बाजारात मेंढ्याचं निरखतात. बालिष्टरचं नाक बघायला लोक गाड्या करून यायचे. तो नाक वर करून, मान तिरकी करून समोरच्याची ऐपत जोखायचा, म्हणून मीच त्याचं नाव बालिष्टर ठेवलं होतं. स्वभावानं म्हणाल तर नंबरी. तलाठ्याला त्यानं पाडलं होतं, पोस्टमनला पाडलं होतं आणि माझ्या सख्ख्या मामालाही पाडलं होतं. तलाठ्याला पाडल्याबद्दल आईनं त्याला गूळ चारला होता.

असा हा मेंढा आप्पांनी विकायला काढला तो माझ्यासाठी. मला मिरजेला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता आणि फी भरायची मुदत डोक्यावर आली होती. आमचे आप्पा, मायाप्पा कोळेकर, मेंढरांमागं आयुष्य काढलेला माणूस. मुलीनं शिकावं असं त्यांना वाटत होतं की नाही, हे मला कधी कळलं नाही. त्यांनी माझ्याकडून फीची यादी वाचून घेतली, मुंडासं सारखं केलं आणि दुसऱ्या दिवशी मौलाभाई दलालाला निरोप धाडला. बस्स.

मौलाभाईनं गिऱ्हाईक आणलं ते पोपटराव सूर्यवंशी. वाळूचे ठेकेदार. त्यांना झेडपीला उभं राहायचं होतं आणि दारात हत्ती बांधणं परवडत नव्हतं म्हणून त्यांनी मेंढ्यावर भागवायचं ठरवलं होतं. सौदा रीतीनं झाला, म्हणजे भाव तोंडानं न बोलता बोटांच्या खुणांनी ठरला. उपरण्याखाली मौलाभाईची आणि दोघांची बोटं बराच वेळ वळवळली, कधी आप्पांनी हात काढून घेतला, कधी पोपटरावांनी नाक मुरडलं आणि शेवटी जमलं. इसार म्हणून काही रक्कम पोपटरावांनी आप्पांच्या हातावर ठेवली. ती दुसऱ्या दिवशी मिरजेला जाऊन कॉलेजच्या खिडकीत पडलीसुद्धा. सौद्याच्याच दिवशी बिरोबाच्या देवळात दोघांनी एकमेकांच्या कपाळाला भंडारा लावला. आमच्यात भंडाऱ्यापुढं स्टँपपेपरचं काही चालत नाही.

"आजच न्या की," आप्पा म्हणाले होते.

"छ्या. अवस तोंडावर आलीय. अवस सरली की टेम्पो घिऊन येतो."

आता एक रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आमच्याकडं जनावर विकतात, दावं विकत नाहीत. घेणाऱ्यानं आपलं दावं आणायचं. ते गळ्यात पडलं की जनावर त्याचं, मेलं तर त्याचं, तरलं तर त्याचं. आमचं दावं आम्ही काढून घरच्या खुंटीला अडकवायचं. दावं घरी राहिलं की गेलेली लक्ष्मी त्याच्या वासानं परत येते, असं म्हणतात.

तर अमावस्या सरल्यावर पोपटराव जीप घेऊन आले, मागं टेम्पो. आईनं बालिष्टरला कुंकू लावलं, भाकरी चारली. त्यांचा माणूस टेम्पोत त्यांचं दावं हुडकत होता. पोपटराव घड्याळ बघत ओरडले, "मायाप्पा, काढ तुझं दावं, काढ! राहूकाळ लागायच्या आत निघायचंय." आप्पांनी आमचं दावं काढलं. त्यांचं अजून सापडायचं होतं. तेवढ्यात बालिष्टरला जीपच्या दारात एक मेंढा दिसला, हुबेहूब आपल्याच नाकाचा. सगळ्या तालुक्यात असं नाक एकट्या आपल्यालाच आहे, अशी त्याची समजूत होती. ती त्याला सोडवेना.

आमचं दावं निघालं होतं आणि त्यांचं चढलं नव्हतं. त्या मधल्या वेळात बालिष्टर कुणाचा, यावर भांडण पेटलं.

"माझं दावं चढलंवतं का?" पोपटराव म्हणाले. "न्हाई. मंग मेंढा कुणाचा? तुझा. तुझ्या मेंढ्यानं माझं दार फोडलं. इसार परत दे आन् दाराचं भरून दे. न्हाईतर असल्याच नाकाचा दुसरा मेंढा दे."

"असलं नाक दुसरं न्हाई, साहेब."

"ते तुझं तू बघ. भंडारा लावून शब्द दिलायस."

भंडारा म्हटल्यावर आप्पांचा चेहरा उतरला. आई पुढं झाली. "आवं, मेंढा मेला! मेलेला मेंढा द्यायचा कसा? घाला टेम्पोत, न्या."

"मला नाकाचा पायजे, जित्ता पायजे," पोपटराव म्हणाले आणि चेपलेलं दार दोन माणसांकडून ओढून लावून निघून गेले. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, तशातला प्रकार.

बालिष्टरला आम्ही बोरीखाली पुरला. मी फुलं टाकत होते तेव्हा वस्तीवरचे चार जण टोपी हातात घेऊन आले. मला वाटलं सांत्वनाला आले. त्यातला एक आप्पांच्या कानाशी लागून म्हणाला, "पुरायचाच हाय का नक्की?"

जेवताना आप्पांनी घास उचलला नाही. "मिरजंला जाऊन येतो," म्हणाले. "फी माघारी मिळती का इचारतो. कमी पडलं तर मेंढरं काढू."

"आप्पा, तो मेला," मी म्हणाले. "तुम्ही मारला नाही. नसलेली वस्तू कशी देणार माणूस?"

"म्हणून तर पैसं द्यायचं."

"पण तुमचं चुकलं काय?"

"माझ्या हातनं दावं आधी निघालं, शालन. मेंढा द्यीन म्हणालो आन् दिला न्हाई. एवढंच हाय ते."

"मग मी काय करू?"

त्यांनी भाकरीचा तुकडा उगाच फिरवला. "एक वरीस थांब की."

'एक वरीस थांब' याचा अर्थ आमच्या वस्तीवरच्या सगळ्या पोरींना पाठ होता. वरसात कुणीतरी बघायला येतं, पोह्यांची बशी हातात येते आणि मिरज नकाशातच राहते. मला आप्पांचा असा राग आला की ताट सरकवून उठले. मेंढा गेला, कॉलेज जाणार आणि वर पोपटरावाच्या दाराचा खड्डा आम्ही बुजवून देणार. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. आईसुद्धा काही बोलली नाही. ती बोलत नाही म्हणजे तिचं काहीतरी शिजत असतं, पण त्या दिवशी मला ते सुचलं नाही.

आप्पांनी पोपटरावांना निरोप पाठवला: बाजाराच्या दिवशी देवळात या, मौलाभाई सांगेल तसं मिटवू. मौलाभाईनं दोन्हीकडून दलाली घेतली होती, म्हणून तो दोघांच्याही निरोपावर 'बरोबर हाय' एवढंच म्हणत होता.

मधेच मामाचा फोन आला. मामा पोपटरावांच्याच गावात राहायचा.

"आक्का, तुझा मेंढा आमच्या चौकात टांगलाय."

"पुरलाय आम्ही त्याला."

"फोटो गं! ह्यो एवढा मोठा फ्लेक्स. गळ्यात हार, शेजारी पोपटराव गॉगल लावून हुबा. मला वाटलं श्रद्धांजलीच हाय. म्हणलं बरं झालं, माझी कंबर मोडली त्यानं."

आईनं फोन ठेवला, लुगडं बदललं आणि मला म्हणाली, "चल."

चौकात फ्लेक्स होता तो आमच्या घराच्या पत्र्यापेक्षा मोठा. मध्ये बालिष्टर, नाक वर. शेजारी गॉगल लावलेले पोपटराव. खाली शुभेच्छुक म्हणून कितीतरी मुंडकी ओळीनं, सगळ्यांच्या कपाळाला गंध. आईला वाचता येत नव्हतं. ती पदर डोक्यावर घेऊन खालून वर बघत राहिली.

"दावं बघ," ती म्हणाली.

मी बघितलं. बालिष्टरच्या गळ्यात लाल गोंड्याचं, पितळी घुंगरांचं दावं होतं आणि त्याचं टोक पोपटरावांच्या मुठीत होतं. आमचं दावं काळ्या लोकरीचं, साधं. मला ती दुपार आठवली. सौदा झाला, आप्पा आणि मौलाभाई भंडाऱ्याची तयारी करायला देवळात पुढं गेले, तेवढ्यात पोपटरावांनी फोटोवाल्याला बोलावून बालिष्टरबरोबर दहा तऱ्हांनी उभं राहून घेतलं होतं. मी त्या वेळी फी भरायच्या आनंदात होते. दाव्याकडं कोण बघतंय!

"माझ्या देखत आमचं काढलं आन् त्याचं घातलं त्यानं," आई म्हणाली. "मंग घुंगरं मळतील म्हणून काढून नेलं. मी माघारी आमचं बांधलं. आन् ते वर काय लिव्हलंय?"

मी मोठ्यानं वाचलं. "मडग्याळची शान, तालुक्याचा मान, मेंढा बालिष्टर, मा. श्री. पोपटराव सूर्यवंशी यांच्या दावणीला दाखल!"

"पुन्यांदा वाच."

"दावणीला दाखल."

आई पानपट्टीवाल्याकडं वळली. "दादा, ह्यो कागूद उतरवायचा का?"

"साहेबांनी काढाय सांगितलंय, मावशी. मेंढा मेल्यावर लोक हसाय लागली. पण काढणारा येईना झालाय."

"आम्ही काढतो की. कडबा झाकाय हुईल."

त्यानंच शिडी दिली. येताना एसटीत कंडक्टरनं त्या गुंडाळीकडं बघून विचारलं, "ह्याचं अर्धं तिकीट घ्यावं लागंल. काय हाय त्यात?" आई म्हणाली, "झेडपीचा उमेदवार हाय. झोपलाय." त्यानं तिकीट फाडलं नाही. घराजवळ आल्यावर तिनं मला दम दिला, "आप्पांस्नी बोलायचं न्हाई. त्यास्नी खरं बोलायची खोड हाय. आधीच सांगून बसतील."

बाजाराच्या दिवशी देवळापुढं निम्मं गाव जमलं. पोपटरावांनी दार मुद्दाम दुरुस्त केलं नव्हतं. जीप पुरावा म्हणून देवळापुढं लावली होती. आप्पा मान खाली घालून बसले होते. इसाराएवढी रक्कम जमवायला त्यांनी दोन घरी शब्द टाकला होता, हे मला त्यांच्या बसण्यावरूनच कळलं.

मौलाभाई खाकरला. "दोघं बी माजी मानसं. तवा कसं बरं..."

"कसं नि फिसं न्हाई," पोपटराव म्हणाले. "रीत सांग. दावं बदलल्याबिगार मेंढा घेणाऱ्याचा हुतो का?"

"न्हाई हुत."

"ऐकलंसा? सगळ्यांनी ऐका. दावं बदललं न्हाई तवर मेंढा मायाप्पाचा."

"बरोबर हाय," आप्पा म्हणाले. मला त्यांना हलवावंसं वाटलं.

आई मागून म्हणाली, "साहेब, एक इचारू? बायामाणसाला काय कळतंय म्हणा. दावं बदललंच असतं, तर?"

"तर मेंढा माजा, नशीब माजं! दाराचं बी मागितलं नसतं. मर्दाचा शब्द हाय."

"मौलाभाई, ऐकलंसा न्हवं?"

"ऐकलं, वैनी."

आईनं मला खूण केली आणि आम्ही दोघींनी फ्लेक्स फरसावर उलगडला. आधी शुभेच्छुक आले, मग पोपटरावांचे बूट, मग बालिष्टर, शेवटी गॉगल. लोक वाकून वाकून बघायला लागले.

"वाच, शालन," आई म्हणाली.

मी वाचलं. 'दावणीला दाखल'पर्यंत पोचले तोवर मागं कुणीतरी फिसकन हसलं.

"ते फोटोपुरतं घातलंवतं!" पोपटराव ओरडले. "फोटोपुरतं दावं घातलं म्हंजी बदललं न्हाई हुत!"

"मंग लग्नात नवरा मंगळसूत्र घालतोय, ते बी फोटोपुरतंच का?" आईनं विचारलं.

हसणं आवरायला मौलाभाईला उपरणं तोंडावर धरावं लागलं. पोपटराव कच्चे नव्हते. त्यांनी लगेच पवित्रा बदलला. "बरं, माजा तर माजा! मंग माजा मेंढा मायाप्पानं मोकळा कसा सोडला? त्याच्याच हातनं सुटला. आता माज्या मेंढ्याचं भरून दे!"

आप्पांनी मान वर केली. हेच तर त्यांना आठ दिवस खात होतं. "खरं हाय," ते म्हणाले. "दावं मीच..."

"तुम्ही गप बसा वो!" आई म्हणाली. "साहेब, राहूकाळ लागंल, काढ दावं काढ, आसं कोण वरडलंवतं? माझा मेला मेंढा?"

मग टेम्पोवाला, जो पोपटरावांचाच माणूस होता, जमिनीकडं बघत म्हणाला, "साहेब वरडलंवतं. मी दावं हुडकत हुतो." त्याची ती नोकरी पुढं टिकली नाही म्हणतात. आई त्याला दर दिवाळीला लोकरीचं घोंगडं देण्याचं बोलायची, एकदा दिलंही.

मौलाभाईनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं आणि जन्मात पहिल्यांदा एका बाजूला कलला. "मेंढा साहेबांचा. दार बी साहेबांचं. मायाप्पा काय देणं लागत न्हाई."

"आन् उरल्याली रक्कम?" आई म्हणाली. "मेंढा त्यांचा, तर पैसं कुणाचं?"

पोपटरावांचा चेहरा बालिष्टरनं चेपलेल्या दारासारखा झाला. पण आप्पा उठून उभे राहिले.

"उरल्यालं नको," ते म्हणाले. "मेंढा तुमच्या टेम्पोत चढला न्हाई, पैसं माज्या हातात आलं न्हाईत. जे पोरीच्या कॉलेजात गेलं, ते गेलं. मला एकच पायजे साहेब. भंडारा लावून शब्द घेतलासा, तसा भंडारा लावून सोडवा."

मला तेव्हा कळलं. कोण बरोबर, कोण चूक, मेंढा कुणाचा, यातलं काही आप्पांच्या डोक्यात नव्हतं. द्यीन म्हटलं आणि देता आलं नाही, एवढंच होतं. देता येत नसेल तर माणूस सुटतो, हे आम्ही सगळ्यांनी सांगून झालं होतं. त्यांना ते ज्याला शब्द दिला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते, आणि मला माझी लाज वाटली नाही, पण त्यांची माया मात्र फार आली.

पोपटरावांनी सगळ्या गावासमोर पुजाऱ्याच्या परातीत बोट बुडवलं आणि आप्पांच्या कपाळाला लावलं. "सुटलास, मायाप्पा," ते पुटपुटले.

"मोठ्यानं," आई म्हणाली.

"सुटलास!"

आप्पांचे डोळे भरले आणि भंडारा नाकावर ओघळला. घरी येईपर्यंत आई त्यांच्या मागून चालत होती आणि उरलेले पैसे सोडल्याबद्दल त्यांच्या सात पिढ्यांची उजळणी करत होती. ते कौतुकानं ऐकत होते. फ्लेक्स आम्ही कोकरांच्या वाड्यावर टाकला. पोपटराव पुढं निवडणुकीत पडले, पण आमच्या कोकरांच्या डोक्यावर बरीच वर्षं टिकून होते.

कॉलेज सुरू झालं तेव्हा आप्पा मला मिरजेला सोडायला आले. माझ्या पेटीची कडी तुटलेली होती, म्हणून त्यांनी पेटी दोरीनं आवळून बांधली होती. हॉस्टेलच्या फाटकाशी त्यांनी ती डोक्यावरून उतरवली, गाठ सोडली आणि दोरी हळूहळू कोपरावर गुंडाळायला लागले. तेव्हा मी नीट पाहिलं. काळ्या लोकरीचं, मेंढ्याच्या वासाचं. बालिष्टरचं दावं.

"राहू दे की, आप्पा. सुट्टीत येताना पेटी बांधायला लागंल मला."

"दुसरी दोरी बघ."

"ही काय मोठी सोन्याची आहे?"

ते गुंडाळत राहिले. फाटकातून पांढऱ्या कपड्यांतल्या मुली आत-बाहेर करत होत्या. त्यांच्याकडं बघायचं त्यांनी टाळलं.

"दावं द्यायचं नसतंय," ते म्हणाले.

"मी काय जनावर हाय व्हय?"

"न्हाईस. पण दावं घरी असल्यालं बरं."

आणि ते खांद्यावर टाकून स्टँडकडं चालू लागले.